कचाचा रिस्पॉन: गेमच्या कादंबऱ्या आणि सांगलीची नाटकं

आजचा भाग गेमच्या कादंबऱ्यांवर आहे आणि सांगलीच्या नाटकांवरही आहे. या दोघांचा काय संबंध, असं वाटत असेल तर इयरफोन नीट लावा. भाग संपेपर्यंत संबंध लावून देतो.

आधी गेमच्या कादंबऱ्या म्हणजे काय ते बघू. एखादा गेम गाजतो. त्यातली राज्यं, लढाया, जादूचे नियम खेळणाऱ्यांना पाठ होतात. मग त्याच जगात घडणारी कादंबरी निघते. याला टाय-इन फिक्शन म्हणतात. आपण सरळ जोडकादंबरी म्हणू. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा गेम १९७४ मध्ये आला आणि १९८४ मध्ये त्याच्या 'ड्रॅगनलान्स' या जगावर मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची पहिली कादंबरी निघाली. तेव्हापासून हा प्रकार थांबलेलाच नाही. 'हेलो'च्या कादंबऱ्या आहेत, 'वॉरहॅमर'च्या तर कपाटभर आहेत.

आणि हे वाचणाऱ्याला घरी, कॉलेजात, ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. "हे काय वाचतोस? हे काय साहित्य आहे का?" त्यामागे मुद्दे तीन असतात. एक, जग दुसऱ्याचं, लेखकाने स्वतः काय केलं? दोन, शेवट आधीच माहीत, मग वाचायचं कशाला? तीन, हे सगळं धंद्यासाठी.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, साहित्याचा प्राध्यापक नाही. पण या तीन मुद्द्यांचं उत्तर शोधताना मी पोहोचलो कृष्णाकाठी. कारण 'दुसऱ्याच्या जगातली गोष्ट' या प्रकारात सांगलीइतकी जुनी आणि तगडी परंपरा असलेली गावं फार नसतील.

चला, १८४३ मध्ये जाऊ.

सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. गादीवर चिंतामणराव आप्पासाहेब. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातली एक भागवत मंडळी गावात खेळ करून गेली होती. पौराणिक गोष्टी, गाणी, नाच, मोठाले मुकुट. राजेसाहेबांना वाटलं, असं काहीतरी मराठीत, जरा नेटकं करून व्हायला हवं. त्यांनी काम दिलं पदरच्या एका कल्पक तरुणाला, विष्णू अमृत भावे यांना. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीता स्वयंवर' झालं. आज ५ नोव्हेंबर मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो, तो यामुळे.

आता बघा. मराठी नाटकाची सुरुवात म्हणून जो खेळ आपण मोजतो, त्याचं जग भाव्यांचं नव्हतं. पात्रं त्यांची नव्हती. शेवट तर सांगलीतल्या लहान पोरालाही ठाऊक होता: धनुष्य रामच मोडणार. तरी लोक बसले आणि बघत राहिले.

मजा कशात होती ते कळायला त्या खेळाची रचना बघावी लागते. पूर्ण लिहिलेले संवाद नसायचेच. सूत्रधार पदं म्हणून प्रसंग उभा करायचा, आणि त्या पदाच्या अनुरोधाने पात्रं आपापलं भाषण जागच्या जागी करायची. राक्षस आरडाओरडा करत यायचे, विदूषक मधेच टोले मारायचा. तुमच्यापैकी कोणी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळलं असेल तर हे ओळखीचं वाटेल. एकजण जगाची परिस्थिती सांगतो, बाकीचे आपल्या पात्राच्या तोंडून बोलतात. 'ड्रॅगनलान्स'मधला रेस्टलिन हा जादूगार कसा कुजबुजत बोलणार, हे आधी टेबलावर खेळणाऱ्या एकाने खेळता खेळता ठरवलं आणि मग ते पुस्तकात गेलं. सांगलीत राक्षस कसा ओरडणार, हेही असंच कोणीतरी उभ्या उभ्या ठरवलं असणार.

चिंतामणराव १८५१ मध्ये वारले आणि राजाश्रय आटला. भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. म्हणजे तिसरा मुद्दा, धंद्याचा. पोट भरायचं होतं, कंपनी चालवायची होती, तिकीट लावलं. पुढे शिकलेल्या लोकांनी या खेळांना नावं ठेवली. राक्षसांच्या आरोळ्यांवरून 'अलल्डुर्र' नाटकं म्हणून हिणवलं. आजच्या जोडकादंबरीला जे ऐकावं लागतं, साधारण तेच. आणि आज सांगलीत त्यांच्याच नावाचं नाट्यमंदिर उभं आहे.

गोष्टींचं हे जग त्या काळी खेळातही होतं, बरं का. सांगलीहून घाट उतरून कोकणात गेलात तर सावंतवाडीला दशावतारी गंजिफा बनतो. हाताने रंगवलेले गोल पत्ते. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२, एकूण १२० पत्ते. नियमसुद्धा गोष्टीतून आलेले. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची पहिली खेळी, रात्री असाल तर कृष्णाचा राजा असणाऱ्याची. रामाचा जन्म भर दुपारचा, कृष्णाचा मध्यरात्रीचा, हे आठवलं की नियम पाठ करावाच लागत नाही. त्याच भागात दशावतारी नाटकंही होतात आणि तिथेही नट संवाद उभ्या उभ्याच करतात. पत्त्यात मत्स्य, कूर्म, वराह आणि रंगमंचावरही तेच. गेम आणि गोष्ट यांची जोडी लावायला आपल्याला १९८४ ची वाट बघावी लागली नव्हती.

आता शेवट माहीत असण्याचा मुद्दा घेऊ. 'वॉरहॅमर'च्या जगात होरस आपल्या बापाशी दगा करतो, हे खेळणाऱ्यांना १९८०च्या दशकाच्या शेवटापासून माहीत होतं. डॅन ॲबनेटची 'होरस रायझिंग' आली २००६ मध्ये. वाचणारे काय होणार यासाठी वाचत नव्हते. इतका चांगला माणूस इथवर कसा पोहोचला, हे त्यांना बघायचं होतं. शेवट माहीत असला की लक्ष 'कसं' आणि 'का' याकडे जातं.

हे हत्यार सगळ्यात धारदार करून वापरलं ते सांगलीच्याच एका माणसाने. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, जन्म १८७२, सांगली. टिळकांच्या 'केसरी'तले त्यांचे सहकारी. १९०७ मध्ये त्यांचं 'कीचकवध' रंगमंचावर आलं. गोष्ट महाभारतातली. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी नोकर बनून राहतात, द्रौपदी सैरंध्री म्हणून राणीची दासी. विराटाचा मेव्हणा आणि सेनापती कीचक तिच्यावर हात टाकतो. धर्मराज म्हणतो थांब, भीम म्हणतो आत्ता. शेवटी भीम कीचकाला मारतो. शेवट नावातच सांगून टाकलाय.

पण वर्ष कोणतं? १९०७. बंगालची फाळणी करून व्हाइसरॉय कर्झन नुकताच परत गेलेला. थिएटरात बसलेल्या माणसाला कळायला वेळ लागला नाही. उन्मत्त कीचक म्हणजे कर्झन. अपमान सोसणारी सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान. थांब म्हणणारा धर्मराज मवाळ, आत्ता म्हणणारा भीम जहाल. नाटकात इंग्रजांचं नाव नाही, कर्झनचं नाही. आणि कीचकाचा शेवट काय होतो, हे प्रत्येकाला लहानपणापासून पाठ. जे उघड बोलता येत नव्हतं, ते प्रेक्षकांच्या पाठांतराने पूर्ण केलं.

सरकारलाही ते कळलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. खाडिलकरांनी नवं जग, नवी पात्रं घेऊन हेच लिहिलं असतं तर आधी दोन अंक ते जग समजावण्यात गेले असते. सगळ्यांचं सामायिक जग होतं म्हणून पहिल्या प्रवेशापासून ठिणगी पडली. तेव्हा 'जग दुसऱ्याचं, लेखकाने काय केलं' याचं उत्तर सोपं आहे. आधीपासून वायरिंग केलेल्या घरात त्याने फक्त बटण दाबलं, पण कोणतं आणि कधी दाबायचं हे त्याला कळलं होतं.

आता शीर्षकाकडे येतो. हा भाग गेमर मंडळींसाठी खास.

महाभारताच्या आदिपर्वात देव आणि असुर यांची लढाई चालू आहे, आणि मॅच साफ असंतुलित आहे. असुरांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे संजीवनी विद्या. मेलेले असुर परत उठतात. एका टीमला अमर्याद रिस्पॉन, दुसऱ्या टीमला एकच जीव. मग देव बृहस्पतीचा मुलगा कच याला शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून पाठवतात, विद्या मिळव म्हणून. असुर त्याला ओळखतात आणि मारतात. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी कचावर जीव टाकते, बापाला गळ घालते, कच परत उठतो. परत मारतात, परत उठतो. तिसऱ्यांदा असुर डोकं लढवतात. त्याला जाळून राख दारूत कालवतात आणि ती दारू शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कचाला उठवायचं तर गुरूचं पोट फाटणार. मग शुक्राचार्य पोटातल्या कचाला विद्या शिकवतात, तो पोट फाडून बाहेर येतो आणि शिकलेल्या विद्येने गुरूला उठवतो. नियम असे घट्ट बसवलेत की कुठल्याही गेम डिझायनरने वही काढावी.

खाडिलकरांनी १९१३ मध्ये यावर 'संगीत विद्याहरण' केलं आणि सगळा झोत टाकला दारूवर. इतका मोठा गुरू, इतकी मोठी विद्या, आणि एका प्याल्यापायी हरला. मूळ कथेत ती एक चाल आहे, खाडिलकरांनी तिचा प्रश्न बनवला.

पण मूळ गोष्ट इथे संपत नाही. देवयानी कचाला लग्नाचं विचारते. तो म्हणतो, मी तुझ्या बापाच्या पोटातून जन्मलो, तू माझी बहीण लागतेस. ती शाप देते, तोही देतो: कुठलाही ऋषिपुत्र तुझ्याशी लग्न करणार नाही. म्हणून ती जाते एका राजाच्या घरी. त्या राजाचं नाव ययाती.

आणि ती पुढची गोष्ट कादंबरीत आणली सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी. 'ययाति', १९५९. 'विद्याहरण'नंतर ४६ वर्षांनी, त्याच जगात, त्याच देवयानीचं पुढचं आयुष्य. कचसुद्धा या कादंबरीत येतो. खांडेकरांनी निवेदन तिघांत वाटून दिलं: ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. प्रत्येकजण 'मी' म्हणून बोलतो. पुराणात ज्यांनी फक्त कृती केल्या, त्यांच्या डोक्यात शिरायची वाट लेखकाने काढली. या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाला. मराठीतला तो पहिला ज्ञानपीठ. म्हणजे मराठी नाटकाचा पहिला मानला जाणारा खेळ दुसऱ्याच्या जगात, आणि मराठीतला पहिला ज्ञानपीठ ज्याच्या कादंबरीची आठवण आधी काढतो त्याची ती कादंबरीही दुसऱ्याच्या जगात. आता कोण म्हणतंय, हे साहित्य आहे का?

चांगल्या आणि टाकाऊ जोडकादंबरीतला फरकही इथेच कळतो. 'हेलो' गेम आला नोव्हेंबर २००१ मध्ये. त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी एरिक नायलंडची 'द फॉल ऑफ रीच' निघाली होती. गेममध्ये तुम्ही मास्टर चीफ. चेहरा हेल्मेटमध्ये झाकलेला, काम गोळ्या घालायचं. कादंबरी सांगते की हा माणूस सहा वर्षांचा असताना सरकारने त्याला घरातून पळवलं. अशी ७५ मुलं उचलली आणि त्यांचे सैनिक बनवले. हे वाचून परत गेम लावा. कंट्रोलर तोच, हात मात्र जरा जड होतो. जी कादंबरी गेममधल्याच मारामाऱ्या शब्दांत सांगते ती बाजूला ठेवा. जी तुम्हाला माहीत असलेल्या जगात माहीत नसलेली खोली उघडते ती वाचा. खांडेकरांनी देवयानीला 'मी' दिला, नायलंडने हेल्मेट काढलं. काम एकाच जातीचं आहे.

इतकं सगळं सारखं, मग फरक काय? फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. किल्ली कोणाकडे?

त्यासाठी आता थोडं उत्तरेला, सातारा जिल्ह्यात जाऊ. तसं ते लांब नाही. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणूनच सुरू झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. खटाव तालुक्यात औंध आहे. पुण्यातलं नव्हे, यमाईचं औंध. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. १९१६ मध्ये त्यांनी 'चित्ररामायण' काढलं. १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ केले. कशासाठी? महाभारताचा खरा पाठ कोणता, हे शोधून सचित्र आवृत्ती काढण्यासाठी. गेमच्या भाषेत बोलायचं तर कॅनन ठरवण्यासाठी.

काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या वेगवेगळ्या लिप्यांतली १,२५९ हस्तलिखितं बघितली गेली. १९२५ पासून मुख्य संपादक होते वि. सी. सुकथनकर, जे केंब्रिजला गणित शिकलेले. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे चटकन कळेल. शेकडो वर्षं हजारो लोकांनी एकाच रेपॉझिटरीच्या आपापल्या ब्रँच काढल्यात, मेन ब्रँच कुणाकडेच नाही, आणि हे लोक ४७ वर्षं ओळीओळीचा डिफ काढतायत.

आणि त्यातून काय निघालं? उदाहरणार्थ, व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय, हा प्रसंग. महाराष्ट्रात हा माहीत नसलेलं घर सापडणार नाही. संपादकांच्या निकषांवर तो मुख्य पाठात टिकला नाही. पण त्यांनी तो फेकला का? नाही. परिशिष्टात छापला. प्रत्येक पानाखाली, कुठल्या हस्तलिखितात काय वेगळं आहे, याची नोंद ठेवली. मागाहून भर घालणारा तो कोण कुठला लेखक, त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. पण त्याचं लेखन शाबूत आहे. आणि गणपतीच्या प्रसंगाचं आपल्या घरांतलं काही बिघडलं नाही.

आता दुसरं चित्र. २०१४ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या मालकांनी जाहीर केलं की आधीच्या सगळ्या कादंबऱ्या यापुढे कॅनन नाहीत. पुस्तकं दुकानात राहिली, पण त्यांत घडलेलं 'घडलं नाही' असं ठरलं. २०२० मध्ये तर 'ड्रॅगनलान्स' उभं करणाऱ्या त्याच वाइस आणि हिकमन यांना, त्याच जगात नवी पुस्तकं लिहिण्याच्या करारावरून, हक्कधारक कंपनीवर दावा लावावा लागला. काही आठवड्यांत तो मागे घेतला गेला आणि २०२२ मध्ये नवं पुस्तक आलं. जग तुम्ही बांधलं तरी दार उघडायचं की नाही, हे मालक ठरवतो.

याउलट देवयानीचं बघा. १९५९ मध्ये खांडेकरांनी लिहिलं. १९६१ मध्ये गिरीश कर्नाडांनी कन्नडमध्ये 'ययाति' नाटक लिहिलं आणि त्यात पुरूची बायको चित्रलेखा हे स्वतःचं पात्र घातलं. १९६६ मध्ये शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी' आलं. सात वर्षांत तीन लेखक, दोन भाषा, एकच घराणं. परवानगी कुणी कुणाची मागितली नाही. 'कीचकवध' बंद पाडायला सरकार लागलं. महाभारताचा मालक म्हणून कुणी वकील पाठवू शकत नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. गेमच्या कादंबऱ्या वाचा आणि मान खाली घालू नका. तुम्ही जे करताय ते १८४३ च्या सांगलीतला प्रेक्षक करत होता. पण त्या जगात तुम्ही भाडेकरू आहात हे लक्षात असू द्या. तिथे कीचकवध लिहायचा झाला तर आधी कंपनीचा शिक्का लागेल, आणि शिक्का मारणारा माणूस कीचकाकडे जरा निरखून बघेल.

आणि तुमच्यापैकी जे फोनवरच्या नोट्समध्ये गुपचूप गोष्टी लिहितात, मला माहीत आहे असे बरेच असतात, त्यांना एक सांगतो. आपल्याकडे एक जग असं आहे की ज्याचं दार कधी लावलंच नाही. त्यात मराठीत लिहिता येतं, विनापरवाना. संजीवनीचे नियम तयार आहेत, नकाशा तयार आहे, आणि अजून 'मी' म्हणून न बोललेली पात्रं ढिगाने पडली आहेत. राणी सुदेष्णा घ्या. कीचकाची सख्खी बहीण आणि सैरंध्रीची मालकीण. भावाच्या महालात सैरंध्रीला पाठवलं ते तिनेच. त्या रात्री ती झोपली होती का?

लिहून बघा. भेटू पुढच्या भागात.